पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका

गेल्या महिन्यात एफआयआर कशी नोंदवून घ्यायची यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि मेल आले त्यातले बरेचसे एकाच सुराचे होते, की मॅडम, तक्रारच पोलिसाविरुद्ध असली तर जायचं कुठं? मी जिल्हा कोर्टात फौजदारी प्रॅक्टिस करते, हा प्रश्न मला कोर्टाच्या पायऱ्यांवर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देतेय. नावं, गावं मुद्दाम काढून टाकली आहेत.

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, गॅरेजमध्ये कामाला जातो. गुरुवारी रात्री साडेअकराला साध्या कपड्यातले दोन पोलीस आले आणि मोबाईल चोरीची चौकशी करायचीय म्हणून घेऊन गेले. शनिवारी संध्याकाळी सोडलं. तळपायावर पट्ट्याने मारलंय, टाच टेकवत नाही. सोडताना दोन कोऱ्या कागदांवर सही घेतली. अटक केली असं कुठंच लिहिलेलं नाही. आज मंगळवार. मी धुणीभांडी करते, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. काय करू? (एक आई)

ताई, तुमचा मेल आला त्याच दिवशी मी फोन केला होता, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. जे तुम्हाला सांगितलं तेच इथं सगळ्यांसाठी परत लिहिते.

सगळ्यात आधी मेडिकल. तक्रार कुठं द्यायची, कलम कुठलं लागतं हे सगळं नंतर. मुका मार आठ दिवसांत दिसेनासा होतो, तळपायाची सूज तर त्याआधीच उतरते, आणि मग कोर्टात तुमच्याकडे फक्त तोंडी शब्द उरतो. सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला जायचं, केसपेपर काढायचा आणि डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं की गाडीवरून पडलो, जिन्यात घसरलो असलं काही सांगायचं नाही, जे झालं तेच सांगायचं, कुणी मारलं, कशाने मारलं, किती वाजता, कुठे बसवून. डॉक्टर म्हणतात पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, घेऊन या मग मेडिकल करतो, हे मी शंभरदा ऐकलंय. उपचार करायला आणि जखमा लिहून ठेवायला यादी लागत नाही, तेवढं ठामपणे बोला, आवाज न चढवता. तरीही नाहीच ऐकलं तर निदान केसपेपरवर जखमा, त्यांचा रंग, आकार आणि पोलिसांनी मारल्याचं सांगितलं एवढं लिहून घ्या. फोटो काढताना एका फोटोत चेहरा आणि पाय दोन्ही येऊ द्या, नाहीतर पाय कुणाचा इथूनच वाद सुरू होतो. आणि तो फोटो ज्या मोबाईलवर काढला त्या मोबाईलमधून उडवू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी पुरावा म्हणून कमजोर पडते.

मेडिकलवर मी इतका जोर का देते ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका पोराला रिमांडसाठी कोर्टात आणलं होतं, १९ वर्षांचं असेल. मॅजिस्ट्रेट साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पोराने आधी मागे वळून स्वतःचा दंड धरलेल्या हवालदाराकडे बघितलं आणि मग म्हणाला, नाही. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ते "तक्रार नाही" लिहिलं गेलं. दुपारी मी त्याला भेटले तेव्हा त्याने शर्ट वर केला, पाठीवर बोटाएवढे जाड वळ होते. पुढे चार वर्षं आम्ही त्या दोन शब्दांशी झगडत होतो. त्यामुळे ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी वकिलामार्फत त्याच्यापर्यंत एवढं नक्की पोचवा, की कोर्टात विचारतील तेव्हा मागे बघायचं नाही, समोर बघायचं आणि दाखवायचं.

आता कायद्याचं. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच लागतं, हे घटनेच्या २२व्या कलमात आहे आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी जी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली (पुढे हिलाच नवी संहिता म्हणतेय) तिच्या ५८व्या कलमातही आहे. अटक केली तर अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या एखाद्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, कारण सांगायचं, नातेवाईकाला कळवायचं, हे डी. के. बसू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच सांगितलं आणि आता ते कायद्यातच आलंय. तुमच्या मुलाच्या बाबतीत पोलीस म्हणतील की अटक नव्हतीच, चौकशीला बोलावलं होतं. पण चौकशीला बोलावलेला माणूस घरी जातो म्हणाला तर त्याला जाता आलं पाहिजे. दोन रात्री जाऊ दिलं नाही म्हणजे ते डांबून ठेवणंच झालं, जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं १२७ कलम. कबुली काढून घ्यायला मारहाण केली तर १२० कलम, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत असेल तर दहा.

दुसरी धावपळ सीसीटीव्हीसाठी. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलेत, आत-बाहेर यायचे दरवाजे, लॉकअप, व्हरांडे, सगळीकडे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग १८ महिने, ते जमत नसेल तर कमीत कमी एक वर्ष ठेवायचं. प्रत्यक्षात काय होतं तर कॅमेरा बंद होता असं उत्तर येतं. म्हणूनच पहिल्या दोन-तीन दिवसांत एसपी, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या, ऑफिसला एक पानी अर्ज द्या, की अमुक तारखेला रात्री अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंतचं फुटेज जपून ठेवा, हा एका तक्रारीतला पुरावा आहे. अर्ज दिल्यानंतर फुटेज गेलं तर ते का गेलं याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. अर्ज नसताना गेलं तर कुणीच विचारत नाही. कोऱ्या कागदावरच्या सह्यांचं याच अर्जात लिहून टाका, तारखेसकट, म्हणजे उद्या त्या कागदावर काहीही उमटलं तरी तुम्ही आधीच सांगितलेलं असेल.

आणि पैशांचं. तालुका कोर्टात किंवा जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं फुकट वकील मिळतो. बायकांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्यांनाही नाही. म्हणजे तुम्ही अर्जदार झालात तर तुम्ही बाई आहात एवढंच पुरेसं आहे. हेल्पलाईन १५१००.

हवालदाराने माझ्या भावाच्या रिक्षातून पैसे काढून घेतले आणि शिवीगाळ केली. त्याच पोलीस स्टेशनला तक्रार घेऊन गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले ठेवून जा, साहेब आले की बघतील. महिना झाला, काही नाही. (रिक्षाचालकाचा भाऊ)

दादा, "ठेवून जा" या दोन शब्दांत किती तक्रारी मेल्या असतील याची मोजदाद नाही. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक त्यांना आणि दुसरीवर पोच. पोच म्हणजे शिक्का, आवक नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही, हे चारही. नुसता गोल शिक्का मारून दिला तर शांतपणे म्हणायचं, साहेब तारीख राहिली. मी स्वतः एका म्हाताऱ्या पक्षकाराबरोबर ठाण्यात दोन तास बाकावर बसलेय, फक्त आवक नंबरसाठी. अंमलदार म्हणाले रजिस्टर साहेबांच्या केबिनमध्ये आहे, आम्ही म्हटलं थांबतो, मग म्हणाले साहेब बंदोबस्ताला गेलेत, आम्ही म्हटलं थांबतो. पाणी प्यायलो, परत बसलो. शेवटी ते रजिस्टर त्यांच्याच टेबलाच्या खणातून निघालं, आणि पुढे त्या केसमध्ये पहिली तक्रार कधी दिली हे सिद्ध करायला तोच नंबर कामी आला.

आता तुमचा महिना गेलाच आहे तर तीच तक्रार नव्याने, जुनी तारीख सांगून, एसपींना स्पीड पोस्टाने पाठवा, शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना आणि त्या झोनच्या डीसीपींना (उपायुक्तांना). पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा प्रिंट जपून ठेवा. हे नव्या संहितेच्या १७३(४) कलमात बसतं आणि ही पायरी चढल्याशिवाय मॅजिस्ट्रेटपुढे गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो, की एसपींकडे गेला होतात का. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच लागते हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी केसमध्ये २०१३ ला सांगितलंय, आणि त्यात आरोपी पोलीस असेल तर सूट असं कुठंही म्हटलेलं नाही.

एसपींकडूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात १७५(३) खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. जुने लोक याला अजून १५६(३) म्हणतात. इथं एक गोष्ट नवीन आहे. सरकारी नोकराने ड्युटी करताना केलेल्या कृत्याबद्दल तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्याचं स्वतःचं म्हणणंही बघतात, मग तपासाचा आदेश. म्हणजे वेळ जास्त लागणार, त्याची तयारी ठेवा. दुसरा रस्ता खासगी फिर्यादीचा, त्यात आधी तुमचा शपथेवर जबाब (व्हेरिफिकेशन) होतो, साक्षीदार तुम्हीच आणायचे. रिक्षा स्टँडवर त्या वेळी जे होते त्यांची नावं आजच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी स्टँडवरची अर्धी माणसं बदललेली असतात.

पोलीस तक्रार प्राधिकरण म्हणून काही आहे असं ऐकलं. त्याचा खरंच उपयोग होतो का, की तेही नावापुरतं? (एक निवृत्त शिक्षक)

सर, आहे, आणि दुर्दैवाने ते लोकांना माहीत नाही. प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ ला पोलीस सुधारणांचा निकाल आला. त्यातला एक आदेश हा, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघायला पोलिसांच्या बाहेरची यंत्रणा हवी. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस कायद्यात २०१४ ला दुरुस्ती केली, म्हणजे मधे आठ वर्षं गेली. राज्य पातळीवर हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात. तिथं कोठडीतला मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, नियम न पाळता केलेली अटक, लाच, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर अशा तक्रारी चालतात. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं हे दिवाणी कोर्टासारखे अधिकार त्यांना आहेत. पण ते स्वतः शिक्षा देत नाहीत, त्यांचा अहवाल सरकारकडे जातो आणि पुढचं सरकारने करायचं असतं. त्यामुळे माझं मत विचाराल तर तिथं तक्रार करावी, पण फक्त तिथंच करून थांबू नये.

राज्य मानवी हक्क आयोगाचंही तसंच. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. एक वर्षाच्या आतली घटना लागते, ही तारीख चुकवू नका. एकच तक्रार राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे पाठवायचा मोह होतो, तो टाळा, राज्य आयोगाने ती हातात घेतली असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात पडत नाही. आयोग नुकसानभरपाईची शिफारस करतो, आणि मोठ्या प्रकरणात हायकोर्टात रिट याचिका करून भरपाई मागता येते. हा रस्ता सुप्रीम कोर्टाने १९९३ ला नीलाबती बेहेरा प्रकरणात पक्का केला. ओडिशातल्या त्या आईच्या मुलाला पोलिसांनी कोठडीत नेलं, दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळावर सापडला, आणि तिने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं होतं. पत्रच याचिका झाली. दीड लाख रुपये भरपाई मिळाली, पण त्याहून मोठं म्हणजे, नागरिकाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आला तर सरकारला भरावं लागतं हे तिच्यामुळे ठरलं.

बाबा ६७ वर्षांचे आहेत. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याने अर्ज दिलाय. ठाण्यातून रोज फोन येतो, या म्हणून, आणि दहा ते सहा बसवून ठेवतात. एक दिवस तिथंच चक्कर आली. (मुलगी, पुण्यात नोकरी)

हे वाचून खरंच राग आला. नव्या संहितेच्या १७९ कलमात स्पष्ट आहे, ६० वर्षांवरच्या पुरुषाला, १५ वर्षांखालच्या मुलाला, कुठल्याही बाईला, अपंग किंवा खूप आजारी माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं. आधीच्या कायद्यात वय ६५ होतं, आता ६० केलंय, हे बऱ्याच ठाण्यांतही अजून माहीत नाही किंवा माहीत नसल्यासारखं करतात. बाबांना आरोपी म्हणून बोलावत असतील तर त्याच संहितेच्या ३५(३) ची हजर राहण्याची लेखी नोटीस हवी. आणि ती नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. फोनवरच्या "या" ला कायद्यात काही किंमत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल तर ६० वर्षांवरच्या माणसाला डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीशिवाय अटकही करता येत नाही.

काय करायचं तर उद्या फोन आला की बाबांनी किंवा तुम्ही नम्रपणे म्हणायचं, साहेब, लेखी नोटीस द्या, वय ६७ आहे, जबाब घरी येऊन घ्या, आम्ही सहकार्य करतो. लगेच तेच सगळं कागदावर लिहून त्या ठाण्याला आणि डीवायएसपींना. आतापर्यंत कुठल्या तारखांना किती वाजेपर्यंत बसवलं ते लिहा, फोनच्या कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडा. चक्कर आली त्या दिवशीचा दवाखान्याचा कागद असेल तर तोही. बांधाचा वाद महसूल आणि दिवाणी कोर्टाचा आहे, मोजणी तिथं होते, ठाण्यात नाही. हां, मारामारी झाली असेल किंवा होईल असं वाटत असेल तर पोलीस दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याची कारवाई, करू शकतात, पण त्यातही नोटीस असते, म्हणणं मांडायची संधी असते, रोज बाकावर बसवणं नसतं.

ठाण्यात मोबाईलवर शूटिंग केलं तर गुन्हा होतो का? मला म्हणाले बंद कर नाहीतर ३५३ लावीन. (कॉलेज विद्यार्थी)

२०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने अशाच एका प्रकरणात शासकीय गुपितांच्या १९२३ च्या कायद्याखालचा गुन्हा रद्द केला आणि सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातल्या निषिद्ध जागेच्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे नुसतं रेकॉर्डिंग केलं म्हणून तो कायदा लागत नाही. जुन्या आयपीसीचं ३५३, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखायला केलेला हल्ला, आता न्याय संहितेचं १३२ झालंय, त्यात हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, हातात मोबाईल धरून उभं राहणं म्हणजे हल्ला नाही. पण तुला मोठ्या बहिणीसारखं सांगते, त्यांच्या अंगावर मोबाईल नेऊ नकोस, रस्ता अडवू नकोस, ओरडू नकोस, कारण त्या एका धक्क्यावरच पुढची केस उभी राहते. आणि ठाण्यात अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली बाई किंवा लहान मूल कॅमेऱ्यात येऊ देऊ नकोस, त्यांची ओळख बाहेर गेली तर गुन्हा खरंच होतो.

पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला पाच हजार मागतायत.

देऊ नका. पासपोर्टची फी भरली की ठाण्यात वेगळे पैसे नसतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४. ते आधी मागणीची खात्री करतात, मग नोटांना अँथ्रासीन पावडर लावून सापळा लावतात. घाबरून आधीच दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवा, नाहीतर लाच देणारा म्हणून तुम्हीही अडचणीत येऊ शकता.

मारहाणीला आठ महिने झाले. एक वकील म्हणाले सहा महिन्यांची मुदत गेली, आता काही होत नाही. खरं का?

अर्धं खरं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १६१ कलमात आहे की पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला सहा महिन्यांच्या आत लावायचा, सरकारची आधी मंजुरी घेऊन फौजदारी खटला असेल तर दोन वर्षं. त्यामुळे लोकांना मी नेहमी सांगते की सहा महिने ही रेघ समजा आणि तिच्या आत कोर्टात जा. पण लॉकअपमध्ये माणसाला मारणं हे कर्तव्याच्या नावाखाली मोडतं का, यावरच मोठा वाद आहे आणि निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, प्रत्येक केसच्या हकिकतीवर ठरतं. खटला चालवायला मंजुरी लागते का, याचंही तसंच, फक्त नव्या संहितेत एक बरं झालंय की सरकारने १२० दिवसांत मंजुरीवर निर्णय घेतला नाही तर ती मिळाली असं धरतात. आठ महिने म्हणजे मानवी हक्क आयोगाचं वर्ष अजून संपलेलं नाही. या आठवड्यातच तिथं अर्ज टाका आणि दुसऱ्या एखाद्या फौजदारी वकिलाला कागद दाखवा.

माझे मिस्टर पोलीस खात्यात आहेत. तुमच्या लेखांमुळे लोक सगळ्या पोलिसांकडे संशयाने बघतात असं नाही का वाटत? १२-१४ तास ड्युटी, सणाला घरी नाहीत, गणपतीत दहा दिवस मुलांनी वडिलांना बघितलं नाही. (पोलीस पत्नी)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गणपतीच्या बंदोबस्तात रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या वडापाव खाणारे कॉन्स्टेबल मीही बघते, आणि त्यांच्या ड्युटीच्या तासांबद्दल, क्वार्टरच्या गळक्या छपरांबद्दल याच सदरात लिहायची माझी तयारी आहे, तुम्ही माहिती द्या. पण वरच्या आईच्या पत्रातला मुलगाही कुणाचा तरी आहे. ज्याने त्याला मारलं त्याच्याविरुद्ध तक्रार झाली म्हणून तुमच्या मिस्टरांचं काही बिघडत नाही, उलट ज्या ठाण्यात अशी तक्रार दाबली जाते तिथं नीट काम करणाऱ्या माणसालाच जास्त त्रास होतो, कारण मग त्यालाही गप्प बसायला सांगतात. मला आजवर मिळालेले दोन महत्त्वाचे साक्षीदार पोलीसच होते. त्यांनी स्टेशन डायरीत जे होतं ते कोर्टात खरं सांगितलं, त्यातल्या एकाची नंतर लांब बदली झाली.

तक्रार केली तर पुन्हा उचलतील, खोट्या केसमध्ये घालतील अशी भीती आहे. आणि शेवटी होतं का काही?

भीती खोटी नाही, म्हणून ती बोलून दाखवायची, अर्जातच. शेवटच्या परिच्छेदात लिहा की या तक्रारीमुळे मला किंवा घरच्यांना त्रास होण्याची शक्यता आहे, तसं झालं तर अमुक अमुक जबाबदार. धमकीचा फोन आला तर नंबर, वेळ, काय बोलले ते त्याच दिवशी वहीत लिहा आणि एसपींना दुसरं पत्र, पहिल्या तक्रारीच्या आवक नंबरचा उल्लेख करून. खोटा गुन्हा दाखल होतोय असं वाटलं तर अटकपूर्व जामीन आहे, गुन्हा रद्द करायला हायकोर्ट आहे. तक्रारीची तारीख आधीची आणि तुमच्यावरच्या गुन्ह्याची नंतरची असेल तर कोर्टाला ते दिसतं. एकटे ठाण्यात जाऊ नका, सोबत वकील किंवा वस्तीतलं कुणीतरी असू द्या.

आणि होतं का काही? परभणीचं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशीचा कोठडीत मृत्यू झाला. त्याची आई हायकोर्टात गेली, औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा दाखल करायचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथंही तो आदेश टिकला. नुसता गुन्हा दाखल व्हायलाच सात महिन्यांवर गेले, खटला पुढेच आहे, हे मी लपवत नाही.

पहिल्या पत्रातल्या ताईंचा परवा फोन आला. मुलाचं मेडिकल झालं, डॉक्टरांनी दोन्ही तळपायांवर मुक्या माराच्या खुणा लिहिल्यात. एसपी ऑफिसमध्ये एका क्लार्कने अर्ज ठेवून जा म्हटलं तर त्या तिथंच उभ्या राहिल्या. आवक नंबर मिळाला, तारीख पण आहे, त्यांनी फोनवर मला तो नंबर एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवला. पुढच्या सोमवारी विधी सेवेच्या वकिलांना भेटायचंय, मी सोबत जातेय.